नियोजनप्रमुख नेमणे आहे

गेल्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या आमच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलने, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने, ‘नियोजन आणि ग्रोथ’ खात्याच्या संचालकपदाची जाहिरात दिली आणि अर्ज करण्याचा काडीचाही विचार नसताना मी ती दोनदा वाचली. पगार पौंडांत स्पष्ट लिहिलेला होता, मुलाखतींच्या तारखा आधीच ठरवून छापल्या होत्या आणि शेवटी असे एक वाक्य होते की, अर्ज करण्यापूर्वी मोकळेपणाने बोलायचे असल्यास मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांशी फोनवर वेळ ठरवून घ्यावी. ज्या माणसाची निम्मी नोकरी मांडीवर फाइल घेऊन आयुक्तांच्या दालनाबाहेरच्या बाकावर गेली, त्याच्या मुलीला हे वाक्य पचायला वेळ लागतो.

आपल्याकडे ही पदे कशी भरली जातात, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. महापालिका अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे आयुक्त राज्य शासन नेमते, नगररचनेचे सहायक संचालक बहुधा राज्याच्या खात्यातून प्रतिनियुक्तीवर येतात आणि शहराला ते कळते आदेश निघाल्यावर. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पहिलाच विषय नगर नियोजनाचा घातला खरा. पण ते नियोजन करणारा माणूस निवडण्याचे काम काही शहराकडे आले नाही. इथे १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार कौन्सिल आपली माणसे आपणच नेमते, १९८९ च्या कायद्यानुसार ती केवळ गुणवत्तेवर नेमावी लागतात, आणि २०११ च्या कायद्यानुसार वरिष्ठांच्या पगाराचे धोरण दरवर्षी पूर्ण सभागृहाने मंजूर करून जाहीर करावे लागते. बदली हा शब्दच या व्यवस्थेत नाही. माणूस कौन्सिलचा नोकर असतो, राज्याचा नव्हे, आणि त्याला दुसऱ्या गावी धाडण्याची सोय लंडनमधल्या कोणत्याही मंत्र्याकडे नाही.

आमच्या भागाचा परिसर आराखडा तयार करणाऱ्या रहिवासी गटाची मी चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे इतिवृत्त लिहायचे आणि बिस्किटे आणायची. त्या नात्याने मला ऑक्टोबरात पत्र आले की, उमेदवारांशी बोलण्यासाठी बाहेरच्यांचे एक पॅनेल बसणार आहे, त्यात आपण याल का? पॅनेलला निर्णयाचा अधिकार नव्हता. आमचा अभिप्राय दुसऱ्या दिवशी नगरसेवकांच्या नेमणूक समितीपुढे जाणार होता. माझ्याकडे आजही भारतीय पासपोर्ट आहे. कॉमनवेल्थ देशाची नागरिक म्हणून मला इथे मतदान करता येते, हे ठाऊक होते. पण भावी अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला बोलावतील, असे कधी वाटले नव्हते.

आम्ही सहा जण होतो: एक गृहनिर्माण संस्थेच्या बाई, एक बिल्डर, एक कॉलेजचे उपप्राचार्य, व्यापाऱ्यांचे एक प्रतिनिधी, गावाबाहेरच्या शेतजमिनीवरील घरांना विरोध करणारे एक निवृत्त गृहस्थ आणि मी. बिल्डर आणि ते गृहस्थ शेजारी शेजारी बसून एकमेकांना दूध-साखर देत होते. एचआरच्या तरुण मुलीने प्रत्येकाला गुणांचा तक्ता दिला आणि बजावले की, प्रत्येक उमेदवाराला तोच प्रश्न, त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने विचारायचा. उत्तर कमकुवत वाटले म्हणून उपप्रश्न विचारायचा नाही, आवडले म्हणून मान डोलवायची नाही. पहिल्या उमेदवाराच्या वेळीच मी “पण समजा…” असे म्हणून पुढे सरकले, तेव्हा तिने माझ्या तक्त्यावर पेन्सिलीचे टोक अलगद टेकवले. मी गप्प बसले. मराठी माणसाला उपप्रश्नाविना प्रश्न विचारायला लावणे ही शिक्षाच आहे.

या पदाला एवढे महत्त्व का, तेही थोडक्यात सांगते. बांधकाम परवानगीच्या लहान अर्जांवर आठ आणि मोठ्यांवर तेरा आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. पाच वर्षे पुरतील एवढ्या घरांसाठी जमीन कागदावर दाखवता आली नाही, तर कौन्सिलने नाकारलेला प्रकल्प बिल्डर अपिलात जिंकण्याची शक्यता वाढते. मग गावाने घासाघीस करून केलेला आराखडा बाजूला राहतो. सध्याच्या सरकारने एका संसदेच्या मुदतीत पंधरा लाख घरांचे लक्ष्य ठेवले असून डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नियोजन धोरण बदलून प्रत्येक कौन्सिलला घरांचा आकडा बंधनकारक केला आहे. ‘ग्रोथ’ हा शब्द खात्याच्या नावात आला तो अशा वाटेने. आपल्या ‘विकास’चे हे गोरे भावंड आहे, दोघांच्याही नावाने आधी रस्ता खणला जातो.

माझा प्रश्न मी आठवडाभर घोळवला होता. “आधीच्या अधिकाऱ्याने केलेला आराखडा तुम्हाला पटला नाही, तर तुम्ही काय कराल?” पहिल्या उमेदवाराने भागीदारी, दृष्टिकोन आणि प्रवास या शब्दांची मोठी गुंफण केली, आणि मी ती तक्त्यावर उतरवू शकले नाही. दुसऱ्या बाई थोडा वेळ थांबल्या, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या की, आराखडा आधीच्या अधिकाऱ्याचा नसतो नि माझाही नसेल. तो सभागृहाने स्वीकारलेला असतो. मला न पटलेले मी लेखी मांडेन, ते नगरसेवक वाचतील, आणि पुढच्या आढाव्यापर्यंत मी आहे तोच आराखडा राबवेन. मान डोलवायची नाही हे लक्षात ठेवून मी खाली तक्त्याकडे पाहत राहिले.

हा प्रश्न खरे तर माझा नव्हताच, बाबांचा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते एका महापालिकेत नगररचना विभागात उपअभियंता होते. नाव कशाला घ्यायचे? तिथे एका उद्यानाच्या आरक्षणावर जमीनमालकाने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस बजावली. आराखडा होऊन दहा वर्षे उलटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालकाला अशी नोटीस देता येते, आणि तेव्हाच्या तरतुदीप्रमाणे सहा महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होत असे. नेमकी त्याच सुमारास विभागप्रमुखांची बदली झाली. नव्या साहेबांचा आदेश येईपर्यंत दुसऱ्या शहरातल्या अधिकाऱ्यांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ दिला गेला. ते गुरुवारी येत.

फक्त गुरुवारी. बाबा बुधवारी रात्री फाइल घरी आणून टिपण पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहीत, सकाळी लवकर जात आणि दालनाबाहेर बसत. एका गुरुवारी साहेबांना मंत्रालयात बोलावणे होते, एका गुरुवारी निवडणुकीचे काम होते, एका गुरुवारी ते आले पण त्यांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाइल परत केली. चर्चा कोणाशी, हे शेऱ्यात नव्हते. मुदत संपली, आरक्षण गेले, आणि आज त्या जागी तळघरात गाड्यांची सोय असलेल्या चार इमारती उभ्या आहेत. नवे साहेब मुदतीनंतर तीन आठवड्यांनी हजर झाले. त्यांनी पहिल्या बैठकीत विचारले, की हे झालेच कसे, आणि खुलासा मागवला तो बाबांकडून. त्या खुलाशाची कार्बन प्रत आमच्या लोखंडी कपाटात अजून आहे. तिची शेवटची ओळ ‘आदेशार्थ सविनय सादर’ अशी आहे.

बदल्यांचा २००५ चा कायदा पुढे आला आणि त्यात तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी लिहिलेला आहे, हे मला माहीत आहे. नवी मुंबईत २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर सभागृहाने अविश्वास ठराव मंजूर केला, शासनाने तेव्हा तो मानला नाही आणि काही महिन्यांनी त्यांची बदली केली, हेही तुम्हा सर्वांना माहीत आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळाचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे वीसपैकी दहा वर्षे मंजुरीआधीच सरली. एवढ्या काळात किती अधिकारी आले-गेले, हे कोणी मोजले असेल तर मला वाचायला आवडेल.

पण इथल्या मंडळींनी आम्हाला नगररचना शिकवावी, असे मी कोणाला म्हणू देत नाही. पॅनेलच्या जेवणाच्या सुट्टीत त्या उपप्राचार्यांनी सहज विचारले, “भारतात अशी नियोजनाची परंपरा नसेल ना?” तेव्हा माझा आवाज जरा चढला. इथली नगररचनाकारांची संस्था १९१४ ची आणि आपले नगररचना खातेही १९१४ चेच. इथला पहिला नगररचना कायदा १९०९ चा, मुंबई इलाख्याचा १९१५ चा. ज्या स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचे नाव इथे आदराने घेतात, ते १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवायला येऊन बसले होते. शिवाय दीड लाख वस्तीचे हे कौन्सिल, म्हणजे पुण्याच्या दोन प्रभागांत मावेल एवढे, आणि त्याला नियोजनप्रमुख मिळेना म्हणून भरती करणारी खासगी संस्था नेमावी लागली होती! आपला एमपीएससीतून आलेला सहायक नगररचनाकार पंचविशीतच याहून मोठ्या गावाचा नकाशा पाठ सांगतो. आणि लेखी परीक्षेत तरी शब्दांच्या गुंफणीला गुण मिळत नाहीत.

हे सगळे मी ठामपणे बोलले, आणि परतताना बसमध्ये मला आठवले की तीच परीक्षा मी एकदा दिली होती आणि लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर मुलाखतीला गेलेच नाही. व्हिसा आला होता. बाबांनी त्या वेळी एका शब्दाने अडवले नाही, उलट म्हणाले, “जा तू. गुरुवारची वाट पाहायला मी एक पुरे आहे.” त्यामुळे मी पळाले असे कोणी म्हणू नये; मला घरातूनच वाट मोकळी करून दिली गेली, आणि माझ्यावाचून नगररचना खात्याचे काही अडलेही नाही.

नेमणूक समितीने त्या दुसऱ्या बाईंनाच निवडले. समितीची मुलाखत बंद दाराआड झाली, पण त्याआधी बंद दाराचे कायदेशीर कारण कार्यक्रमपत्रिकेवर छापावे लागले, आणि निवड कळवण्यापूर्वी कौन्सिलच्या कॅबिनेटमधल्या, म्हणजे कारभार पाहणाऱ्या नगरसेवकांपैकी, प्रत्येक सदस्याला हरकत आहे का, हेही विचारले गेले. मी हे बाबांना फोनवर सांगितले, तेव्हा ते एकदम खूश झाले. “म्हणजे माणसावरसुद्धा हरकती-सूचना मागवतात!” ते म्हणाले. या पदावरच्या माणसाला निवडणूक लढवता येत नाही, पक्षाचा प्रचारही करता येत नाही, हे ऐकून त्यांनी नुसताच “बरं” असा हुंकार दिला. मग त्यांनी विचारले, की बाई रुजू कधी होणार?

तिथेच घोटाळा झाला होता. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनुसार इंग्लंडमधली काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दुहेरी रचना मोडून डिस्ट्रिक्ट कौन्सिले मोठ्या संस्थांत विलीन करायची आहेत, आणि आमचे कौन्सिल २०२८ च्या सुमारास राहील की नाही, हे कोणी लेखी द्यायला तयार नव्हते. बाईंच्या जुन्या कौन्सिलने त्यांचा पगार वाढवला. त्यांनी आभाराचे सुरेख पत्र लिहून नकार कळवला. पॅनेलच्या सहाही जणांना त्याची प्रत आली. जाहिरात पुन्हा निघेल, पुन्हा तक्ते येतील आणि मला पुन्हा बोलावले तर मी जाईन.

“मग आता सह्या कोण करतंय?” बाबांनी विचारले.

“तूर्त पर्यावरण खात्याच्या संचालकांकडे सोपवलंय, बाबा. ते मंगळवारी आणि गुरुवारी या कामासाठी बसतात.”

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटले, फोन कटला.

“मंगळवारी पण?” बाबा म्हणाले. “चैन आहे मग तुमची.”