प्रभावळीच्या कडेचा चर

सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकातल्या फाइलप्रमाणे हत्यार (बिट) फिरवून लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, केलेल्या कामात मधली नक्षी सुरेख उतरते आणि कड बिघडते, ही तक्रार कारागिरांकडून नेहमी ऐकू येते. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ती समोर आली, ती दांडिया बाजारातल्या एका घरच्या देव्हाऱ्याची सागवानी प्रभावळ कोरताना. मोर, वेल, पानं सगळं नीट. पण बाहेरच्या रेषेला लागून एक चर पडलेला, आणि तोही एका कोपऱ्यात खोल, समोरच्या कोपऱ्यात उथळ. गणपती तोंडावर आले होते आणि सागवानाचा भाव सगळ्यांना माहीत आहे.

अशा वेळी लगेच सॉफ्टवेअरमधले आकडे बदलत बसायचा मोह होतो. आमचे मिस्त्रीकाका संखेड्याकडचे, त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "पाटियुं फेरवी जुओ ने, बेन." म्हणजे, फळी फिरवून बघा ना, ताई. फळी अर्धी फिरवून उरलेल्या जागेत तीच फाइल थोडीशी चालवली. खोल कोपरा फळीबरोबर फिरला. तो मशीनच्या त्याच कोपऱ्यात राहिला असता, तर बेडचा (फळी ठेवायच्या पाटाचा) किंवा स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या भागाचा) तिरपेपणा तपासावा लागला असता. मग एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एकसारख्या फळीवर, तीच फाइल कोरली. चर तिथेही पडला, पण सगळीकडे सारख्या खोलीचा. म्हणजे कमीजास्त खोली लाकडाची, आणि चर फाइलचा. हा निवाडा झाल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

लाकडाचं कारण साधं होतं. पावसाळी हवेत फळीच्या कडा वर उचलल्या होत्या, एक कोपरा जरा जास्तच. झेड झिरो (खोली जिथून मोजायची ती पातळी) मधल्या, म्हणजे खालच्या भागावरून घेतलेला; त्यामुळे उचललेल्या कडेवर बिट पृष्ठभागापासून जास्त खोल जाणारच. फळीची खालची बाजू रंधून ती बेडवर पक्की बसवली, वरची बाजू सपाट बिटने मशीनवरच समतल केली आणि झेड झिरो बेडवरून घेतला. बेडवरून घेताना सॉफ्टवेअरमधली जाडी प्रत्यक्ष फळीशी तंतोतंत जुळली पाहिजे, म्हणून समतल केल्यानंतर व्हर्नियरने पुन्हा मोजून तोच आकडा भरला.

चराचं कारण जास्त रंजक होतं. फिनिशिंगला ६ मिमीचा बॉल नोज, म्हणजे गोल टोकाचा बिट. टूलपाथची (बिट फिरायच्या मार्गाची) सीमा नक्षीच्या बाहेर ३ मिमी, म्हणजे बिटच्या त्रिज्येइतकी वाढवलेली. ती वाढवावीच लागते, नाहीतर बिटचं केंद्र कडेवरच थांबतं आणि नक्षीची बाजू अर्धवट राहते. पण बाहेर गेलेलं टोक कुठवर उतरणार, हे मॉडेलच्या शून्य-पातळीवर, म्हणजे त्याच्या तळावर ठरतं. आमचं मॉडेल १० मिमी उंच, फळीच्या वरच्या पृष्ठभागापासून खाली मोजलेलं. मागची पार्श्वभूमी मात्र वेगळ्या टूलपाथने ८ मिमीवरच थांबवलेली. मधले २ मिमी म्हणजेच तो चर. दोन्ही टूलपाथ आपापल्या जागी बरोबर, एकमेकांशी न जुळणारे. फळी जाड होती, म्हणून नक्षीची उंची न घटवता पार्श्वभूमीच १० मिमीपर्यंत नेली. नक्षी दाबून चर घालवणं मला कधीच पटत नाही. उठाव गेला की प्रभावळीचा जीव जातो.

तरी कडेला बारीक खडबड उरली. तिचं मूळ ज्या ग्रेस्केल (काळ्या-पांढऱ्या छटांच्या) चित्रावरून खोली ठरते, त्या चित्रात होतं. अशा चित्रात काळा म्हणजे सर्वांत खोल, पांढरा म्हणजे सर्वांत उंच. जेपीजीमध्ये काळ्या सीमेलगत करड्या ठिपक्यांची धूळ साचते आणि मशीन ती इमानाने कोरतं. शिवाय ८ बिटमध्ये २५६ च पायऱ्या. १० मिमी उंचीला प्रत्येक पायरी साधारण ०.०४ मिमीची, हलक्या उतारावर ती डोळ्याला जाणवते. चित्रकाराकडून १६ बिट पीएनजी मागवली. तिच्यात ६५,५३६ पायऱ्या असतात.

गोल टोकाचा बिट भिंतीच्या पायथ्याशी ३ मिमीची गोलाई सोडतोच, त्याला सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. तिथे सपाट टोकाची एंड मिल (कापणारा बिट) बाह्यरेषेवरून एकदा फिरवली, आणि आतले कोपरे मिस्त्रीकाकांनी पटाशीने काढले.