तुम्ही विचारलंत म्हणून: अजून कागदच का?

‘तापमानवाढ शिकवायला तुम्ही अजून वाचायला कागदच का देता?’ इतक्या जणांनी विचारलंय हे, की आता एकदाच लिहून टाकते. विचारणारे बहुतेक शिक्षकच असतात, काही पालक. त्यांच्यासमोर फिरणाऱ्या पृथ्वीचे आणि हळूहळू लाल होत जाणाऱ्या नकाशांचे व्हिडिओ असतात, आणि मी आपली दीड पानाचा उतारा वाटत फिरते. ‘मुलं वाचत नाहीत हो हल्ली’ हे वाक्य प्रश्नाला जोडूनच येतं.

व्हिडिओ मीही दाखवलेत. वर्ग कसा चिडीचूप होतो, आणि संपल्यावर काय कळलं विचारलं की ‘बर्फ वितळतोय’ आणि ‘अस्वल’. पळत्या चित्राला थांबवून ‘हे कशावरून?’ असं अजून एकाही मुलानं मला विचारलेलं नाही.

प्रयोगाचं म्हणाल तर तो बाटल्यांचा प्रयोग मीही वर्षानुवर्षं केला. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा मिसळून एका बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरायचा, दुसरीत नुसती हवा, वर दिवा, दोन्हीत थर्मामीटर. पहिली बाटली जास्त तापते, टाळ्या. नंतर कळलं की त्यातला फरक बराचसा हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे येतो, आतली गरम हवा कमी घुसळली जाते म्हणून, इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं) शोषल्यामुळे नाही. म्हणजे हवा तो आकडा येतो पण भलत्याच कारणानं. त्यापेक्षा मी युनिस फूटची हकीकत वाचायला देते. 1856 साली या बाईनं काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि थंड व्हायलाही जास्त वेळ लागला. पृथ्वीभोवती हा वायू जास्त असता तर ती जास्त गरम असती, हेही तिनं लिहिलं. पण थेट उन्हाची उष्णता आणि तापलेल्या जमिनीतून परत निघणारी उष्णता हे तिला वेगळं करता आलं नाही, ते जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञानं 1859 पासून पुढे केलं. मग वर्गात भांडण, शोध नक्की कोणाचा? अर्धा तास. असं भांडण बाटल्यांवर कधी झालं नव्हतं.

आणि आपल्या भाषेचे खड्डे वाचतानाच दिसतात, हे कोणी लक्षातच घेत नाही. ‘हरितगृह वायू’ म्हणजे खरं तर पृथ्वीची उष्णता अडवणारे वायू, पण ते वाचून निम्म्या वर्गाला वाटतं हे झाडांनी सोडलेले चांगले वायू असणार, हरित आहेत ना! ‘हवामान अंदाज’ उद्याचा आणि ‘हवामानबदल’ तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्यांचा, शब्द एकच. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘काल ऊन होतं आज पाऊस आहे, हवामानबदल झाला.’ यात तिची काय चूक? तोंडी शिकवताना हे सगळं माना डोलावण्यात वाहून जातं.

पण हे सगळं मी आता म्हणते. कागदावर माझा विश्वास होता त्याचं खरं कारण तेव्हा वेगळं होतं, ते म्हणजे कागद मी लिहिलेला असायचा.

झालं असं. सातवीसाठी समुद्राच्या पातळीवर उतारा केला होता. त्यातलं वाक्य मला अजून शब्दशः पाठ आहे: ‘तापमान वाढल्यामुळे समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळतो आणि समुद्राची पातळी वाढते.’ खाली प्रश्न, पातळी का वाढते? एका मुलानं लिहिलं, ‘तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी वाढत नाही. मी ग्लासात करून बघितलं. खूण केली होती.’ मी लाल पेनानं फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘उतारा नीट वाच.’

गठ्ठा मोठा होता, रात्र झाली होती, वगैरे. सगळं खरं आहे पण त्याचा काही उपयोग नाही. त्यानं ग्लासावर खूण केली होती हो. आकलनाच्या प्रश्नासाठी कुठलं मूल घरी जाऊन ग्लासात बर्फ टाकतं? वीस वर्षांत असं एक मूल मला मिळालं आणि त्याला मी ‘नीट वाच’ म्हणाले.

आठवड्याभरानं पुढचा उतारा लिहायला घेतला. ग्रीनलँडचा बर्फ जमिनीवर आहे, तो सगळा वितळला तर पातळी सुमारे सात मीटर वाढेल, असं लिहिता लिहिता हात थांबला. ‘जमिनीवर आहे’ हे मी मुद्दाम का लिहितेय? तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, हे आर्किमिडीज शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. (समुद्राचं पाणी खारट आणि बर्फ गोडा, त्यामुळे अगदी किंचित फरक पडतो, पण त्याच्या ग्लासात तोही नव्हता.) पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्यानं आणि पाणी तापून प्रसरण पावल्यानं. गेल्या शतकभरात साधारण वीस सेंटिमीटर वाढली, त्यात तरंगत्या बर्फाचा वाटा जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, उतारा चुकला होता, याचं बरोबर होतं. त्याला कागद काढायला लावला. त्यानं काढला. स्वतःचं उत्तर त्यानं आधीच खोडलेलं होतं, रेघ पट्टी लावून मारलेली, आणि खाली माझं वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. फुली खोडून मी बरोबरची खूण केली. तो त्या खुणेकडे बघत म्हणाला, “मग परीक्षेत काय लिहायचं, बाई?”

मी म्हणाले, जे बघितलंस ते लिही. तो ‘हो’ म्हणाला, ज्या ‘हो’चा अर्थ नाही असतो तसं.

आता तुम्ही म्हणाल, आणि माझ्या एका सहकारी बाईंनी हे तोंडावर म्हटलंय, की चूक पकडली ग्लासानं, कागदानं नाही, मग कागदाचं कौतुक कशाला? यावर माझं ठरलेलं उत्तर असं की पकडायला ते वाक्य समोर होतं, स्थिर होतं, घरी नेता आलं, म्हणून तर ग्लास आला. बोलण्यात तेच वाक्य म्हणाले असते तर हवेत विरलं असतं. हे जरा ओढूनताणून आहे, कळतं मला. आणि दुसरी गोष्ट तर याहून टोचते. ज्याला वाचायला वेळ लागतो त्याला माझ्या तासाला विज्ञान येत नाही असं ठरतं, खरं तर त्याला फक्त ‘वातावरणातील’ हा शब्द पटकन वाचता येत नसतो. त्याला ग्लास दिला असता तर? यावर उत्तर नाही माझ्याकडे. उतारे मोठ्यानं वाचून घेते, छोटी वाक्यं करते, तेवढंच.

तेव्हापासून प्रत्येक उताऱ्यात मी एक वाक्य मुद्दाम चुकीचं घालते आणि तसं सांगूनच कागद देते. काही मुलांच्या डोक्यात नेमकं तेच वाक्य राहतं, होय, माहितीये, तरी घालते.

मागच्या महिन्यात चुकीचं वाक्य होतं ओझोनच्या भोकातून ऊन आत येऊन पृथ्वी तापते, हे. बऱ्याच जणांना सापडलं. एका मुलीनं मात्र दुसऱ्याच वाक्याखाली रेघ मारली, ‘वायूंचं पांघरूण पृथ्वीला ऊबदार ठेवतं.’ आणि समासात लिहिलं, ‘ऊब तर सूर्याची आहे आणि सूर्य पांघरुणाच्या बाहेर आहे. मग ती बाहेरच अडायला पाहिजे ना?’

ते वाक्य मी बरोबर म्हणून घातलं होतं. तिला समजावलं, सूर्याचा दिसणारा प्रकाश या वायूंतून बराचसा सरळ आत येतो, तापलेल्या जमिनीतून निघणारं इन्फ्रारेड मात्र ते शोषतात. तिनं ऐकलं आणि विचारलं, मग पांघरूण कशाला म्हणायचं? घरी जाऊन पांघरुणाऐवजी दुसरा शब्द शोधत बसले. काच लिहिलं, खोडलं. चाळणी लिहिलं, तेही खोडलं. पुढच्या सोमवारी दुसऱ्या तुकडीला तोच उतारा द्यायचाय आणि त्यात अजून पांघरूणच आहे.