तुम्ही विचारलंत म्हणून: देवाने क्षमा केली, मग टोचणी का जात नाही?

"पूर्वी एकाला फसवलं होतं. प्रार्थनेत पाप पदरी घेतलं, म्हणजे कबूल केलं, रडलोही. तरी आत काहीतरी टोचत राहतं. देवाने क्षमा केलीच नसेल का?" पाळकीय सेवेत, म्हणजे ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांची काळजी वाहताना, हा प्रश्न वरचेवर येतो. त्यावर मी उलट एवढंच विचारतो, की ज्याला फसवलं त्याला हे ठाऊक आहे का? बहुतेक वेळा नसतं.

क्षमेबद्दल शंका नको. बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) सरळ म्हटलंय, की आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो. किती रडायचं याचं माप तिथे नाही. तेच पाप रोज नव्याने उगाळायलाही सांगितलेलं नाही. मागे उरलेली टोचणी पुष्कळदा अर्धवट सोडलेल्या कामाची असते.

ते काम बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हिशेबासकट दिलंय. शेजाऱ्याची ठेव नाकारली, त्याला लुबाडलं किंवा सापडलेली वस्तू दडवून खोटी शपथ घेतली, तर मूळ रक्कम परत करायची आणि वर तिचा पंचमांश द्यायचा. पाच हजार बुडवले असतील तर सहा हजार. तेही दोषार्पणाच्या, म्हणजे दोषाबद्दल देवाला अर्पण वाहण्याच्या दिवशीच. मत्तय 5:23-24 मध्ये येशू तेच सांगतो: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. तो माणूस हयात नसेल तर? गणना या पुस्तकाचा पाचवा अध्याय जवळच्या आप्ताकडे पाठवतो, आप्तही नसेल तर याजकाकडे. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करायची तयारी दाखवली, पण ते त्याचं स्वतःचं बोलणं होतं; येशूने आकडा घातला नव्हता. ऐपत नसेल तर हप्ते ठरवा, पण पहिला हप्ता कबुलीच्या दिवशीच हातात द्या.

आता कबुली. आधी कागदावर लिहा: काय खोटं बोललो, केव्हापासून, समोरच्याचं काय नुकसान झालं, ते कसं भरून देणार. मग त्यातली तुमच्या अडचणींची वाक्यं खोडा. "त्या वेळी माझी परिस्थितीच तशी होती" हे खरं असलं तरी आज ते ऐकणं त्याच्या वाट्याला का यावं? "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा" हेही नको, त्याने दोष ऐकणाऱ्याच्या मनावर ढकलला जातो. आधी वेळ मागा. त्याच्या घरी लग्न किंवा दुखवटा असताना जाऊ नका. रात्री उशिरा लांबलचक मेसेज तर नकोच. पाठवणाऱ्याला झोप लागते आणि वाचणाऱ्याची उडते.

सगळ्यात जास्त घात करते ती अर्धी कबुली. पन्नास घेतले असताना वीसच सांगितले आणि बाकीचे पुढे उघडकीला आले, की पहिली कबुलीसुद्धा फसवणुकीतच मोजली जाते. एकदाच, पूर्ण सांगा.

काही ठिकाणी मात्र थांबावं लागतं. तुमच्या कबुलीने तिसऱ्याचं गुपित फुटणार असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा प्रकरण विवाहबाह्य संबंधाचं असेल, तर आधी पाळक किंवा समुपदेशकाशी बोला. गुन्हा घडला असेल तर वकिलाशीही बोला, मात्र लपवायची युक्ती विचारायला नव्हे. कॅथलिक असाल तर पापनिवेदनात बोललेलं धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाहीत. पण पापमुक्ती मिळाली म्हणून नुकसानभरपाई माफ होत नाही. ती चुकती करा असं तेही सांगतील.

आणि तिथल्या तिथे माफी मिळावी म्हणून अडून बसू नका. बायबलमधल्या याकोबाने बापाला फसवून आपला भाऊ एसाव याचा आशीर्वाद लाटला होता. पुढे घरी परतताना त्याने एसावाला भेट म्हणून साडेपाचशेच्या वर जनावरं पुढे धाडली, तरी भावाला भेटेपर्यंत तो घाबरलेलाच होता. तो एसाव धावत येऊन गळ्यात पडला. तुम्ही फसवलेला माणूस कदाचित दार लावून घेईल. त्यावर देवाची क्षमा अडत नाही. त्याचा राग ऐकून घ्या, "मी तर कबूल केलं ना" असं म्हणू नका, आणि पुन्हा पुन्हा निरोप धाडू नका. त्याने पैसे घ्यायचं नाकारलं तर ते गरजूंना द्या, पण दिले हे त्याला कळवू नका.