पाचांची यादी

आज दिवसभर कानात फक्त 'द स्मिथ्स' हा ब्रिटिश रॉक बँड. आवडत्या पाच गाण्यांची यादी करायला बसले आणि तिसऱ्यानंतर गाडी अडली.

'हाऊ सून इज नाऊ?'बद्दल वादच नाही. जॉनी मारची ती थरथरणारी गिटार सुरू झाली की हातातलं काम थांबतंच. आणि हे गाणं १९८४मध्ये एका सिंगलच्या, म्हणजे एका मुख्य गाण्यासाठी काढलेल्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला टाकलेलं! त्याच बाजूला 'प्लीज, प्लीज, प्लीज...'ही. जेमतेम दोन मिनिटांचं, म्हणून चार वेळा लावलं.

'देअर इज अ लाइट...' १९८६च्या अल्बममधलं, पण सिंगल निघालं १९९२मध्ये, बँड फुटल्यावर. कुणाचं डोकं, देव जाणे!

बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा अँडी रूर्क २०२३मध्ये गेला, तेव्हापासून कान आधी बेसकडेच जातो. त्यामुळे चौथ्या जागेवर आता चार गाणी भांडतायत.