आमची वाटचाल : शिफ्टच्या गाड्या आणि एक जुना डीपीएफ

नाशिकरोड स्टेशनबाहेरून आम्ही २००९ साली सुरुवात केली. एक सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर आणि शिर्डी, त्र्यंबक, वणी अशा भाविकांच्या फेऱ्या. २०१५ च्या सिंहस्थात गाडीला उसंत नव्हती, त्याच कमाईतून दुसरी गाडी उभी राहिली. पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण मिळाली. सीझन असो नसो, महिन्याचं बिल निघतं, म्हणून हे काम आम्ही जपून ठेवलं.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि कंपन्या करारात नव्या गाड्या मागू लागल्या. कर्ज काढून व्हॅन घेतल्या. त्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर होता. आत सिरॅमिकच्या बारीक नळ्या, मधाच्या पोळ्यासारख्या; एकाआड एक नळीचं तोंड बंद, त्यामुळे धूर भिंतीतून गाळूनच बाहेर पडतो. अडकलेली काजळी साधारण ५५० ते ६०० अंशांना जळते, त्यालाच मेकॅनिक मंडळी रिजन म्हणतात. त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग, तापून चालावी लागते. सिडको ते अंबड असं अंतरच किती? इंजिन नीट तापायच्या आत गाडी कंपनीच्या गेटवर, आणि मग एसी लावून उभी.

शिर्डी लाइनच्या गाड्यांना काहीच होत नव्हतं. शिफ्टच्या एका व्हॅनचा मात्र डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला, पिकअप गेला, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन स्वतःच ताकद कमी करून रेंगाळणारं. फिल्टर उतरवला तर गाभाच वितळलेला. राखेने भरलेला फिल्टर साफ होतो, वितळलेला होत नाही. नव्याचा भाव ऐकून त्या महिन्याचा हप्ता डोळ्यांसमोर आला. "जाळी काढून रिकामा डबा बसवा, सॉफ्टवेअर मारून देतो" असं सांगणारेही भेटले. ते आम्ही करणार नव्हतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा बदल बसत नाही, आणि आमच्या गाडीमागे शाळेची मुलं दुचाकीवर असतात.

मग जुना फिल्टर शोधायला लागलो, अंबड लिंक रोडपासून थेट कुर्ल्यापर्यंत. सोबत आमचे मिस्त्री. दुकानदार म्हणाला, "शेठ, सेम मॉडेल आहे, डोळे झाकून लावा." मिस्त्री म्हणाले, "भाऊ, मॉडेल राहू द्या, डब्यावरचा नंबर दाखवा." एकाच नावाच्या व्हॅनमध्ये इंजिन आणि वर्षागणिक फिल्टर बदलतो. जोडाची फ्लँज बसेल, पण प्रेशर पाइप आणि टेम्परेचर सेन्सरची भोकं भलत्याच जागी येतात. क्षमता वेगळी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो. पार्ट नंबर, इंजिन कोड आणि सेन्सरच्या जागा, तिन्ही जुळल्याशिवाय पैशाची बोलणी नाहीत.

मिस्त्रींची तपासणी बघण्यासारखी होती. आधी डबा हलवून कानाशी धरला. खडखडला तर गाभा सुटलेला. मग वेल्डिंगची शिवण बोटाने चाचपली, कारण आतल्या प्लॅटिनमसाठी डबे कापून रिकामे करतात आणि पुन्हा जोडतात. शेवटी बाहेर पडायच्या तोंडात टॉर्च मारला. तिथे काळी काजळी दिसली म्हणजे भिंत तडकलीय, धूर न गाळताच निसटतोय. तेलाने ओला झालेला एक डबा त्यांनी हातात घेऊन लगेच खाली ठेवला. ज्या गाडीचा टर्बो तेल फेकत होता, तिचा असणार.

जो घेतला तो मागून ठोकलेल्या, कमी चाललेल्या गाडीचा. बाहेरचं तोंड स्वच्छ राखाडी. बिलावर त्या गाडीचा चेसिस नंबर लिहून घेतला.

बसवण्याआधी मिस्त्रींनी आमच्या व्हॅनचे इंजेक्टर काढले. एक ठिबकत होता. जास्तीचं डिझेल, जास्तीची काजळी आणि ती एकदम पेटल्यावर वितळलेला गाभा, असं सगळं तिथून सुरू झालं होतं. तो इंजेक्टर तसाच राहिला असता तर आणलेला फिल्टरही गेला असता. स्कॅनर लावून ईसीयूत फिल्टरची नोंद करतानाही एक गोष्ट सांभाळावी लागली. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधून येणारी राख फिल्टरमध्ये कायमची साठते. "नवा फिल्टर" म्हणून राखेचा आकडा शून्य केला की आधीची राख ईसीयूच्या लेखी उरतच नाही. मिस्त्रींनी त्या गाडीच्या किलोमीटरवरून अंदाजाचा आकडा भरला.

हा फिल्टर आजही चालतोय. त्यानंतर आम्ही गाड्यांची वाटणीच बदलली. कुठलीही व्हॅन कायम अंबडच्या शिफ्टवर राहत नाही. आलटून पालटून प्रत्येकीला सिन्नरमार्गे शिर्डीची फेरी मिळते. ड्रायव्हर सुरुवातीला कुरकुरले, कारण ज्याची त्याची गाडी ठरलेली असते. आता दिवा लागला तर तेच आधी फोन करतात, "दादा, हिला आज हायवेला काढू का?" रिजन चालू असताना इंजिन बंद करायचं नाही, हे त्यांना पाठ आहे. ऑइल कमी राखेचंच, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं. त्यात काटकसर करू देत नाही. नवी गाडी घेतानाही आम्ही डीपीएफचा नंबर आणि सेन्सरच्या जागांचे फोटो पहिल्याच दिवशी वहीत लावून ठेवतो.