चौसष्ट घरांचा तक्ता: आमची वाटचाल

आम्ही नक्की काय करतो हे घरच्यांनाही अजून नीट सांगता येत नाही. अ‍ॅपच्या जाहिरातीवर पैसे घातले, तर इन्स्टॉल किती आले आणि त्यातले टिकले किती, हा हिशेब आम्ही लावतो. सुरुवातीची वर्षं बरी गेली. आयडीएफए, म्हणजे प्रत्येक आयफोनचा जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक, मिळत होता, क्लिकला इन्स्टॉल जुळत होतं, बिलं वेळेवर निघत होती.

26 एप्रिल 2021 ला आयफोनची नवी प्रणाली, आयओएस 14.5, आली. आता आयडीएफए घ्यायचा तर आधी माणसाची परवानगी विचारावी लागणार होती. अ‍ॅपलने जून 2020 मध्येच सांगून ठेवलं होतं. आम्ही ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणत बसलो. आमच्या ग्राहकांच्या अ‍ॅपमध्ये परवानगीची चौकट आली की बहुतेकांचं बोट नकारावर जायचं आणि आयडीएफएच्या जागी शून्यांची रांग यायची.

हाताशी उरलं एसकेअ‍ॅडनेटवर्क, म्हणजे माणसाची ओळख न देता इन्स्टॉल कुठल्या जाहिरातीतून आलं ते कळवणारी अ‍ॅपलची सोय. ते 2018 पासून होतं, पण आम्ही ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यातून दर इन्स्टॉलमागे मिळायचे सहा बिट, म्हणजे 0 ते 63 मधला एक आकडा. माणसाने अ‍ॅपमध्ये जे काही केलं ते सगळं त्यात कोंबायचं. माझ्या भागीदाराने मोठ्या कागदावर पेन्सिलीने आठ बाय आठची घरं आखली. वरचे तीन बिट कितव्या दिवशी परत आला याला, खालचे तीन खरेदीला. तक्ता देखणा होता. त्यानेच आम्हाला बुडवलं.

तेव्हा आकडा वाढवला की चोवीस तासांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लागायचं; ते संपल्यावर आणखी चोवीस तासांत कधीतरी पोस्टबॅक, म्हणजे तो आकडा कळवणारा निरोप, सुटायचा. आमच्या तक्त्यात रोज परत येणाऱ्याचा आकडा रोज वाढायचा. म्हणजे चांगला माणूस आठवडाभर अडकलेला, आणि एकदा उघडून पळालेला दोन दिवसांत अहवालात हजर! आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने पहिला अहवाल पाहिला, “तुमच्या जाहिरातीतून नुसती पळपुटी येतात” म्हणाला आणि मोहीम बंद केली. टिकलेल्यांचे पोस्टबॅक त्यानंतर यायला लागले. मी ते पाठवत राहिलो. उत्तर नाही.

तो गेला एका प्रतिस्पर्ध्याकडे. तिथे म्हणे ‘माणसागणिक आकडे’ मिळत होते. कसे मिळत होते ते या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळेल: आयपी, फोनचं मॉडेल, ओएसची आवृत्ती जुळवून अंदाज. या फिंगरप्रिंटिंगला अ‍ॅपलच्या नियमात सक्त मनाई आहे, पण विक्रीच्या सादरीकरणात त्याला ‘आमचं खास सूत्र’ म्हणतात. त्याच्या मागोमाग आणखी दोन ग्राहक गेले. तीन महिने मी आणि भागीदाराने पगार घेतला नाही. चौथ्या महिन्यात भागीदाराने नोकरी धरली. त्याला दोष देत नाही.

राहिल्या त्या एकट्या एक बाई, वाद्यं सुरात लावायचं अ‍ॅप चालवणाऱ्या. त्यांचा आमच्या अहवालावर आधीही फारसा विश्वास नव्हता, म्हणूनच बहुधा टिकल्या. वहीत रोजचा जाहिरातखर्च आणि त्यापुढे स्टोअरमधले एकूण इन्स्टॉल, बस. मधूनच आठवडाभर जाहिराती बंद ठेवायच्या आणि इन्स्टॉल किती पडतात ते बघायचं. “न दिसणाऱ्याचं वजन असं करायचं,” म्हणायच्या. त्या वहीवरून मी तक्ता नव्याने मांडला: पहिल्या चोवीस तासांतलंच मोजायचं, पुढे आकड्याला हात लावायचा नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये एसकेअ‍ॅडनेटवर्कची चौथी आवृत्ती आली, एकाऐवजी तीन पोस्टबॅक आले, पस्तीस दिवसांपर्यंतचं दिसायला लागलं. तेव्हापासून ठीक चाललंय. अँड्रॉइडवरच्या अशाच सोयीची, प्रायव्हसी सँडबॉक्सची, आम्ही केलेली तयारी मात्र फुकट गेली. 2025 मध्ये गुगलने त्याचा गाशाच गुंडाळला.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी: वीस बारीक मोहिमा चालवू नका. इन्स्टॉल विखुरले की गोपनीयतेचा उंबरठा, म्हणजे आकडा दाखवायला लागणारी किमान इन्स्टॉलची संख्या, ओलांडला जात नाही आणि आकड्याच्या जागी ‘नल’, म्हणजे ‘सांगितलं नाही’, येतो. नल म्हणजे शून्य नव्हे. हे वाक्य मी ग्राहकाला पहिल्याच बैठकीत दोनदा म्हणायला लावतो.

गेल्या महिन्यात त्या मोठ्या ग्राहकाचा फोन आला. “आता तुमच्याकडेही माणसागणिक आकडे मिळतात का?” म्हटलं, नाही. “मग तेच बरे,” म्हणाला आणि फोन ठेवला.