कॅथेड्रल, कॅमेरा आणि कॉपीराइटची भानगड

तर प्लॅन असाय की फ्रान्समधली शार्त्र, आमियाँ आणि रँस ही तीन कॅथेड्रल करायची आणि सगळे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (तिथे मोकळेपणी वापरता येणारेच फोटो ठेवतात) टाकून द्यायचे, वापरा कुणीही. दर्शनी भाग साधारण पश्चिमेकडे, म्हणजे सकाळी तिथे नुसती सावली, त्यामुळे सकाळी आत आणि ऊन कललं की बाहेर. आमियाँचं छत आतून 42 मीटर उंच, वाइड लेन्स लावूनही मान मोडणार बहुतेक! पण खरी गोची रँसला. तिथल्या खिडक्यांमधल्या चित्रकार मार्क शागालच्या निळ्या काचा 1974 च्या, तो गेला 1985 ला, म्हणजे मृत्यूनंतरची 70 वर्षं धरून कॉपीराइट 2055 संपेपर्यंत, फ्रेमभर घेतल्या तर कॉमन्सवरून उडणारच. त्या नुसत्या डोळे भरून बघून घेईन. ट्रायपॉडचं अजून विचारायचंय, नाहीच म्हणाले तर खांबाला टेकायचं, श्वास रोखायचा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवायचा.